लेकीचे बुडबुडे

पाण्यावर पालथं पडलं की खालून येणारे बुडबुडे आधी चांदीच्या मण्यांएवढे दिसतात. वर येता येता ते फुगतात, चपटे होतात, पाऱ्याच्या ताटल्यांसारखे डुलत येतात आणि पोटाला, दंडाला, मास्कच्या काचेला लागून फुटतात. त्या दुपारी माझ्या अंगावर फुटणाऱ्या बुडबुड्यांमध्ये माझ्या लेकीचा श्वास होता. ती माझ्या अगदी सरळ खाली, अठरा मीटरांवर, आडव्या झालेल्या एका जहाजाच्या कुशीपाशी होती.

खाली चौघं होती: ती, तिची प्रशिक्षक आणि आणखी दोन पाणबुडे. वर मी एकटी. चौघांचे बुडबुडे चार वेगळ्या माळांसारखे वर येत होते आणि थोड्या वेळाने त्यातली तिची माळ मला ओळखता यायला लागली. बाकीच्यांच्या माळांमध्ये मोठमोठी अंतरं होती, म्हणजे ती माणसं सावकाश, लांब श्वास घेत होती. एक माळ मात्र भरभर येत होती, तुटक. जहाज पहिल्यांदा बघणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा श्वास असाच चालणार. मग दहाएक मिनिटांनी तिच्याही माळेतली अंतरं वाढली. ‘सावरली,’ असं मी तोंडातल्या नळीतच पुटपुटले.

खरं तर मीही तिच्याबरोबर खाली असायला हवी होते. ठरलं तसंच होतं.

आम्ही नेदरलंड्समध्ये राहतो, आम्स्टेलवेनला. त्या वर्षीचा अख्खा हिवाळा आम्ही मायलेकींनी रविवारी सकाळी बंदिस्त तरणतलावात काढला होता. बाहेर चार वाजताच अंधारणारं आभाळ आणि आत क्लोरीनचा वास. पुस्तकातला भाग आणि तलावातला सराव तिथे उरकायचा, आणि खऱ्या समुद्रातल्या बुड्या बोनेरला जाऊन मारायच्या, असा बेत. बोनेर म्हणजे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर असलेलं, २८८ चौरस किलोमीटरचं एक बेट. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलंड्सची विशेष नगरपालिका आहे. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून दहाएक तास उडून आल्यावरही पाट्या डचमध्ये दिसतात, दुकानात ओळखीचं चीज मिळतं. पण पैसे डॉलरमध्ये द्यायचे आणि लोकांच्या तोंडी पापियामेंतु. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांच्या सरमिसळीतून घडलेली ती भाषा. तिच्यातला ‘दुशी’ हा शब्द मला फार आवडला. जेवण गोड झालं तर ते दुशी, आणि लाडक्या माणसालाही दुशीच म्हणायचं.

आमच्या दोघींच्या पाण्याची सुरुवात मात्र मालवणातली. लेक सहा वर्षांची असताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ होडी थांबवून तिथल्या पोरांनी आम्हाला मास्क आणि नळी लावून पाण्यात उतरवलं होतं. पाणी गढूळच होतं, पण खडकाच्या कपारीतून पट्ट्यापट्ट्यांचे पाच-सहा मासे निघाले आणि तिने नळीतूनच किंचाळून घेतलं. होडीत परत चढल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “आई, नळी अजून लांब केली तर खालपर्यंत जाता येईल ना?” मला उत्तर माहीत नव्हतं. मोठी झालीस की कळेल, असं मी तेव्हा म्हणाले होते.

आणि खरंच तिलाच ते आधी कळलं. डायव्हिंगचं पुस्तक वाचताना एका रविवारी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, त्या लांब नळीचं उत्तर सापडलं.” एक मीटर खाली गेलं तरी पाणी छातीला बाहेरून दाबतं, पण लांब नळीतून येणारी हवा वरच्याच दाबाची राहते. छातीचे स्नायू तेवढ्या ओझ्याखाली फुप्फुसं फुगवू शकत नाहीत. म्हणून स्नॉर्कलची नळी वीतभर-दीड वीतच असते. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३मध्ये जो रेग्युलेटर बनवला, तो याच अडचणीवरचा तोडगा: तुम्ही जितके खाली असाल, तितक्याच दाबाची हवा तो टाकीतून तोंडात देतो. मी पोळ्या लाटत होते. अकरा वर्षं तिने तो प्रश्न जपून ठेवला होता, याचं मला उत्तरापेक्षाही अप्रूप वाटलं.

बोनेरची खासियत अशी, की इथे बुडी मारायला बोट लागत नाही. पूर्वेकडून सतत वारा येतो, त्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला पडतो आणि तिथलं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं असतं. प्रवाळाची रांगही किनाऱ्याला चिकटूनच आहे. थोडं पोहत गेलं की दहाएक मीटर खोलीवर कडा येते आणि तिथून उतार निळ्यात घसरत जातो. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड ठेवलेत, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं. पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे टाक्या टाकायच्या, पिवळा दगड दिसला की थांबायचं. गाडीत काहीही मागे ठेवायचं नाही आणि दारांना कुलूप लावायचं नाही, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. वाटेत मोकाट गाढवं आडवी येतात आणि घाई कोणालाच नसते.

पहिल्या दोन बुड्या माझ्या उत्तम झाल्या. आयुष्यात इतकी शांत मी क्वचितच झाले असेन. खाली गेल्यावर हातपाय मारायचे नसतात. श्वासानेच वरखाली व्हायचं असतं. श्वास आत घेतला की एखाद-दुसऱ्या क्षणाने अंग हलकेच उचललं जातं, सोडला की उतरतं. लहानपणी आजोबा पहाटे पाटावर बसून पूरक, कुंभक, रेचक करायचे, ते मला बारा मीटरांवर आठवले. फरक एवढाच की इथे कुंभक वर्ज्य. श्वास रोखायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम. टाकीतली दाबाखालची हवा छातीत भरून, श्वास रोखून तुम्ही वर आलात तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते; त्यासाठी फार खोलही असावं लागत नाही. उलट वरून नुसता दम धरून बुडी मारणाऱ्याच्या छातीतली हवा खाली आक्रसते आणि वर येताना फक्त मूळच्या मापावर येते, म्हणून त्याला दम रोखायची मुभा आहे. छाती तीच आणि पाणीही तेच, पण हवा कुठे घेतली यावर नियम उलटा होतो. मला हे फार विलक्षण वाटत आलं आहे.

तिसऱ्या बुडीला चार मीटरांवर माझा डावा कान अडला. नाक दाबून फुंकलं, जबडा हलवला, थोडं वर जाऊन पुन्हा उतरून पाहिलं. कानात कोणी सुई खुपसतंय अशी कळ. प्रशिक्षकाने माझ्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो. डॉक्टरांनी सांगितलं की पडदा शाबूत आहे, पण लाल झालाय. विमानातली सर्दी कुठेतरी आत राहिली असणार. आठवडाभर खाली जायचं नाही. पृष्ठभागावर तरंगायला हरकत नाही, पण बुडी मारायची नाही, हातभर खोलसुद्धा नाही.

कान चौथ्याच मीटरला अडला, तिसाव्याला नाही, यामागेही कारण आहे. पृष्ठभागापासून दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो. तो पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात. म्हणजे शरीराला सगळ्यात जास्त जुळवून घ्यावं लागतं ते अगदी वरच्या थरात. अवघड समुद्र वरचाच.

त्या रात्री मला झोप आली नाही. हिवाळाभरचे रविवार डोळ्यांसमोर येत होते. लेक म्हणाली, “तू नाहीस तर मीही नाही जात.” तिला तसं करू देणं मला शक्यच नव्हतं. सकाळी मी तिची टाकी स्वतः ट्रकमध्ये चढवली आणि माझी नळी आणि मास्क घेऊन तिच्या मागून गेले.

पुढचे पाच दिवस आम्ही दोघी रोज एकाच पिवळ्या दगडापाशी पाण्यात शिरलो आणि बाहेर आलो ते दोन वेगळ्या समुद्रांतून.

ट्रकच्या मागच्या फळीवर बसून, केसांतून पाणी गळत असताना, आम्ही काय काय पाहिलं ते एकमेकींना सांगायचो. ती आकार सांगायची. पिंपाएवढे स्पंज, त्यांच्या तोंडात बसलेले खेकडे, कड्यावरून खाली जाणारी प्रवाळांची ताटं, वाळूतून मान वर काढून बागेतल्या रोपांसारखे डोलणारे ईल, म्हणजे सापासारखे मासे. मी रंग सांगायचे. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरांतच तो विझायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा. अठरा मीटरांवर लाल स्पंज मातकट दिसतो, टॉर्च मारला तरच पेटतो. माझ्या हातभर पाण्यात मात्र सूर्य सरळ येत होता. नर पोपटमाशाचा हिरवा-निळा अंगरखा आणि शेपटीजवळचा पिवळा ठिपका, जांभळे समुद्रपंखे, सगळं लख्ख.

दुसरा फरक आवाजाचा. डायव्हरला स्वतःच्या श्वासाची घरघर सतत ऐकू येते. मी मात्र निवांत ऐकत होते. उथळ समुद्र गप्प नसतो. तव्यावर मोहरी तडतडावी तशी एक बारीक तडतड सगळीकडून येत असते. ती इवल्या कोळंब्यांची. आणि तिच्यात मधूनच कर्रकर्र, कुणी खडीसाखर दाताखाली फोडावी तसा आवाज. तो पोपटमाशांचा. त्यांचे दात जुळून चोच झालेली असते. त्या चोचीने ते खडकावरचं शेवाळ खरवडतात, सोबत चुनखडीही गिळतात आणि मागून वाळू सोडतात. डोळ्यांदेखत एक मासा वाळूचा ढग सोडून निघून गेला, तेव्हा किनाऱ्यावरच्या त्या पांढऱ्या पुळणीवर सकाळी मी अनवाणी चालले होते हे आठवून मला हरखून जायला झालं.

तरीही एक गोष्ट मी हातची गमावली होती, आणि ती मला रोज जाणवायची. स्नॉर्कल करणाऱ्याला थांबता येत नाही. लाट हलवत राहते, प्रवाह सरकवत राहतो. कपारीतून डोकावणारं काही नीट दिसेपर्यंत आपण पुढे गेलेले असतो. डायव्हर एका दगडासमोर अर्धा तास निश्चल राहू शकतो. लेकीने एका संध्याकाळी सांगितलं की तिने एका एवढ्याशा समुद्रघोड्यासमोर दहा मिनिटं काढली आणि शेवटी त्याने शेपटीची पकड एका फांदीवरून सोडून दुसरीवर घेतली. एवढंच घडलं. एवढंच घडायला दहा मिनिटं लागली. ते ऐकताना मला तिचा हेवा वाटला.

‘थाउजंड स्टेप्स’ नावाची एक जागा आहे. चुनखडीच्या कड्यातून खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या, मोजल्या तर सत्तरसुद्धा भरत नाहीत. पाठीवर टाकी घेऊन परत चढताना हजार वाटतात म्हणून हे नाव. तिथे मी एका समुद्री कासवाच्या वरून वीसेक मिनिटं तरंगले. ते खाली प्रवाळाच्या फटीत तोंड घालून काहीतरी उकरत होतं. मग ते श्वासासाठी वर आलं. माझ्यापासून दोन हातांवर त्याने डोकं पाण्याबाहेर काढलं, फुसकन हवा सोडली, आत घेतली आणि परत गेलं. त्याला आणि मला हवा एकाच जागेवरून घ्यावी लागत होती. लेक तेव्हा खाली कड्यावर होती. तिलाही तेच कासव दिसलं होतं, पण वर जाताना, पोटाच्या बाजूने. तिने पाहिलं ते निघून जाणारं कासव, आणि मी पाहिलं ते आलेलं.

जहाजाची गोष्ट सांगायची राहिली. ‘हिल्मा हूकर’ हे बहात्तर मीटर लांबीचं मालवाहू जहाज १९५१ साली नेदरलंड्समध्येच बांधलेलं. अनेक मालक आणि नावं बदलत १९८४च्या उन्हाळ्यात ते बिघडलेल्या अवस्थेत बोनेरला ओढून आणलं गेलं. झडतीत खोट्या भिंतीमागे अकराएक टन गांजा सापडला. मालक कोणी पुढे आला नाही. पाणी आत झिरपत राहिलं आणि १२ सप्टेंबर १९८४ला ते उजव्या कुशीवर कलंडून दोन प्रवाळरांगांमधल्या वाळूत जाऊन बसलं. तळ तीस मीटरांवर, वरची कूस अठराएक मीटरांवर. नव्या डायव्हरची हद्द अठरा मीटर, त्यामुळे लेकीला त्या कुशीला लगटून जाता आलं.

वरून मला काय दिसलं? आधी निळ्यात जरा जास्त गडद निळं. मग त्या गडदाला कडा आल्या आणि एकदम लक्षात आलं की आपण एका अख्ख्या जहाजावर तरंगतोय. गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिल्यासारखं पोटात कालवलं. तपशील एकही नाही: गंज दिसत नाही, पंखा दिसत नाही, आत शिरणारे मासे दिसत नाहीत. फक्त आकृती, आणि तिच्याजवळ चार टाचण्या. त्यातली एक माझी. लेकीने नंतर त्या जहाजाबद्दल तासभर सांगितलं: खिडक्यांतून आत पडलेला उजेड, तळाशी स्थिर उभा असलेला, माणसाएवढा चंदेरी टार्पन मासा. पण ते जहाज अख्खं मात्र तिने पाहिलं नव्हतं. इतकं जवळ गेल्यावर अख्खं दिसत नाही. मी वाळूवर बोटाने त्याचा आकार काढून दाखवला, ते कसं कललंय, नाक कुठे आहे. तिने त्या चित्रात बोट ठेवून दाखवलं, “मी इथे होते.”

तिथूनच पुढे दक्षिणेला मिठागरं आहेत. गुलाबी पाण्याचे चौकोन, त्यांत फ्लेमिंगो, आणि पांढऱ्या मिठाचे डोंगर. मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलच्या खिडकीतून बघत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे पहिल्यांदा बरं वाटलं. मग किनाऱ्याला ओळीने उभ्या असलेल्या दगडी खोपट्या दिसल्या. दार कंबरेएवढं, आत उभं राहता येत नाही. १८५०च्या सुमारास गुलामांना झोपायला बांधलेल्या. त्यांची बायकामुलं उत्तरेकडे रिंकॉन गावात. तिथे जाऊन यायला तासन्‌तास चालावं लागे. या डच वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ साली. त्या खोपट्यांसमोरही पिवळा दगड आहे, बुडीची जागा आहे. आम्ही तिथे उतरलो नाही. कोणी उतरू नये असं मला म्हणायचं नाही. पण त्या दाराशी ओणवं होऊन आत पाहिल्यावर तिथेच उभं राहून रबरी पोशाख चढवणं आम्हाला दोघींनाही जमलं नाही.

इथला समुद्र वाचवण्याची गोष्ट माणसांच्या हातूनच सुरू झाली, आणि तीही बरीच आधी. १९६१ साली कासवांच्या घरट्यांना संरक्षण मिळालं. १९६२मध्ये डॉन स्ट्युअर्ट नावाचा एक अमेरिकी खलाशी आपलं शिडाचं जहाज घेऊन इथे आला आणि राहिलाच. पुढे सगळे त्याला कॅप्टन डॉन म्हणायचे. बेटावर पाणबुड्यांचा व्यवसाय रुजवणाऱ्यांत तो पहिला, आणि बोटींनी नांगर टाकून प्रवाळ फोडू नये, कायमचे बोये बांधून त्यांना दोर लावावा, यासाठी धडपडणाराही तोच. १९७१मध्ये भाल्याने मासेमारीवर बंदी आली, १९७५मध्ये प्रवाळ तोडण्यावर, आणि १९७९मध्ये भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोवतीचा सगळा समुद्र सागरी उद्यान झाला. आजही पाण्यात हातमोजे घालायला बंदी आहे. हात उघडा असला की माणूस काही धरताना विचार करतो.

एवढं करूनही वरच्या थरातलं जे गेलं ते गेलंच. हे मला कान अडला नसता तर कळलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मी कंबरभर पाण्यावर तरंगत होते. खाली सगळीकडे तुटक्या, गोलसर, करड्या काठ्यांचा खच पडला होता, वादळानंतर आंबराईत फांद्या पडाव्यात तसा. मधूनमधून जाडजूड खुंट. मी त्याला खडक समजत होते. किनाऱ्यावर आल्यावर प्रशिक्षकाने सांगितलं की तो खडक नाही, तो जंगलाचा सांगाडा आहे. एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न, सांबराच्या शिंगांसारखी फांद्या फुटलेली ही प्रवाळं एके काळी कॅरिबियन समुद्राच्या उथळ पाण्यात दाटीवाटीने वाढत. लाटा आधी त्यांच्यावर फुटायच्या, मग किनाऱ्यावर. १९८०च्या आगेमागे पांढऱ्या पट्ट्याचा रोग आला आणि ती माना टाकत गेली. त्याच सुमाराला, १९८३-८४मध्ये, लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन हे गोल समुद्री जीव अख्ख्या कॅरिबियनमध्ये वर्षभरात जवळजवळ संपले. शेवाळ खाणारे तेच. ते गेल्यावर मोकळ्या खुंटांवर शेवाळाने बस्तान बसवलं आणि नव्या प्रवाळाला टेकायला जागा उरली नाही. १९९९मध्ये लेनी वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं, म्हणजे नेमकं आडोशाच्या बाजूने, आणि उरलंसुरलं मोडून गेलं.

डायव्हर या पाण्यातून रोज जातात. पण त्यांच्यासाठी तो ओसरीसारखा भाग. पायात फिन्स चढवायचे, मास्क थुंकीने चोळायचा, जॅकेटमधली हवा सोडायची आणि कडा गाठायची. लक्ष खालच्या निळ्याकडे लागलेलं. माझ्याकडे मात्र ओसरीच होती, त्यामुळे मी तीच पाच दिवस पाहिली. बघता बघता त्या खचात जिवंत काय आहे ते दिसायला लागलं. नखाएवढी पिवळट प्रवाळं, खुंटाच्या सावलीत काटे हलवणारा एखादा काळा अर्चिन, खरवडत फिरणारे पोपटमासे. २०१०पासून बोनेरमध्ये पोपटमासा पकडायला बंदी आहे. ते शेवाळ खातात म्हणून.

खालीही सगळं आलबेल नाही. २०२३मध्ये प्रवाळाची कातडीच गळून पडणारा एक रोग इथे पोचला; मेंदूसारख्या घड्या असलेली शंभर-शंभर वर्षांची प्रवाळं काही आठवड्यांत पांढरी होतात. लेकीने तसं एक पाहिलं. अर्धं तपकिरी, अर्धं चुन्यासारखं. त्या दिवशी ती ट्रकच्या फळीवर बसली आणि काहीच बोलली नाही. मग आम्ही आमचं सगळं सामान जंतुनाशकाच्या पिंपात दोनदा बुडवलं. एकदा पुरतं, पण आम्ही दोनदा बुडवलं.

शेवटचा दिवस. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसायच्या आधी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जायला हवा. बरेच जण चोवीस तास धरतात, आम्हीही धरले. विमान संध्याकाळचं. सकाळ मोकळी होती आणि लेकीला खाली जायला मनाई. तिने मास्क आणि नळी उचलली.

“चल आई, आज तू दाखव.”

मी तिला माझ्या ओसरीत घेऊन गेले. कर्रकर्र ऐकवली. तिने डोकं वर काढून विचारलं, “हा आवाज रोज असतो?” मग मी तिला ती जागा दाखवली जिथे मी चार दिवस सारखी जात होते. एका मेलेल्या एल्कहॉर्नच्या खुंटावर मधाच्या रंगाचा एक नवा थर पसरलाय आणि त्यातून तळहाताएवढी फांदी फुटलीये, टोकाला फिकट पांढरी. टोक पांढरं म्हणजे वाढ चालू आहे. बेटावरची एक संस्था फायबरग्लासच्या दांड्यांची झाडं पाण्यात उभी करून, त्यांना प्रवाळाचे तुकडे टांगून वाढवते आणि मग खडकावर लावते. हे त्यातलंच असेल किंवा आपलं आपण आलेलं असेल. मला दोन्ही चाललं असतं.

ती वरून बराच वेळ पाहत राहिली. मग नळी तोंडातून काढून म्हणाली, “हे आम्ही रोज ओलांडून जात होतो.”

आणि तिने दोन-तीन खोल श्वास घेतले, कंबरेतून वाकली आणि खाली सूर मारला. तीनच मीटर पाणी. पण मला तिच्या मागे जाता येणार नव्हतं. ती त्या फांदीपाशी पोचली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तोंड अगदी जवळ नेऊन पाहत राहिली. केस डोक्याभोवती सावकाश पसरले.

या वेळी बुडबुडे नव्हते. पाच दिवस मी तिला तिच्या माळेवरून ओळखत होते, आणि आता खालून वर काहीच येत नव्हतं. मी मोजायला लागले. अकरा, बारा. एक पोपटमासा तिच्या खांद्याशेजारून गेला. एकवीस, बावीस. तिने मान तिरपी करून फांदीच्या खालची बाजू पाहिली. एकतीस. मग तिने पायाने तळाला न शिवता अंग वळवलं आणि वर बघितलं, सरळ माझ्या मास्ककडे, आणि हात लांब करून, सावकाश, वर यायला लागली.